ऐरणीच्या अंगावरचं '१७६५'

जुनी ऐरण घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मी ज्या आकड्याला भुललो तसलाच आकडा उद्या तुमच्यासमोरही येऊ शकतो.

विक्रेत्याने ऐरणीच्या अंगावर खडू घासला आणि काळ्या रंगातून चार आकडे वर आले: १ ७ ६ ५. "सालच ठोकलंय बघा, अडीचशे वर्षांची आहे," तो म्हणाला. माथा आरशासारखा चकचकीत होता, कडा सरळसोट. मी हातोडीचे दोन टोले मारले, घंटेसारखा नाद आला आणि मी त्या सालाची किंमत मोजून मोकळा झालो.

ज्यांच्या हाताखाली मी घण मारायला शिकलो ते काका पाहायला आले. त्यांनी आकड्याकडे बघितलंच नाही. शेपटीकडच्या चौकोनी भोकाशेजारी एक बारीक गोल भोक होतं, त्यात बोट घालून म्हणाले, "हे इथं कसं?" चौकोनी भोकात छिन्नीसारख्या अवजाराचा दांडा बसतो, आणि गोल भोकावर नाल ठेवून खिळ्यांची भोकं पाडतात. ते गोल भोक ऐरणींना साधारण १८३० च्या आसपासपासून दिसायला लागतं. कुणी मागाहून पाडलेलंही असू शकतं, म्हणून आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही.

मग आकडे. ऐरणीच्या अंगावर ठोकलेले आकडे बहुतेक वेळा वजनाचे असतात, सालाचे नव्हेत, आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात. जुन्या इंग्लिश ऐरणींवर तीन सुटे आकडे असतात. पहिल्याला ११२ ने गुणायचं, मधल्याला २८ ने, आणि तिसरा सुट्या पौंडांचा. १·२·१० म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड. मधला आकडा ३ च्या वर जात नाही आणि शेवटचा २७ च्या वर. १७६५ या हिशेबात बसतच नाही. अमेरिकन कारखाने मात्र सरळ पौंडांत वजन ठोकायचे.

काकांनी भिंग दिलं. १, ७ आणि ६ एका रेषेत होते, त्यांच्या कडा झिजून गोलसर झालेल्या. ५ केसभर वर सरकलेला, नखाला त्याची धार लागत होती. रंग खरवडला तर पहिल्या तिघांच्या खाचांत जुना तांबूस गंज आणि ५ च्या खाचेत उघडं लोखंड. वजन होतं १७६ पौंड, म्हणजे जवळजवळ ८० किलो. ५ मागाहून ठोकला होता.

आम्ही ती काट्यावर चढवली तर ७९ पण भरेना. ठोकलेलं वजन थोडं इकडेतिकडे असतं, पण त्या चकचकीत माथ्याचा संशय आला. जुन्या ऐरणीचं अंग बहुधा घडीव लोखंडाचं असतं आणि वर कडक पोलादाची पट्टी जोडलेली असते. खड्डे लपवायला ग्राइंडर फिरवला की नेमकी तीच पट्टी जाते. ४० बाय १० सेंटीमीटरच्या माथ्यावरून ३ मिलिमीटर काढले तर किलोभर पोलाद गेलंच. बेअरिंगची गोळी १० इंचांवरून सोडली. चांगल्या माथ्यावर ती ७-८ इंच उसळते, आमच्याकडे मध्यभागी जेमतेम ४. कडेला कानस लावली तर ती घसरायच्या ऐवजी लोखंड खाऊ लागली: कडा वेल्डिंगने भरून काढल्या होत्या. नादावर विसंबू नका. आमची ऐरण या सगळ्यानंतरही वाजत होती, आणि उलट १८४७ च्या पेटंटाची अमेरिकन फिशर ऐरण, अंगावर उठावाचा गरुड असलेली, बिडाच्या अंगामुळे मुळातच बद्द वाजते, तरी ती उत्तम असते.

शेवटी ती उलटी केली. बुडाला डमरूच्या आकाराचा खळगा आणि पुढच्या पायावर बारीक अनुक्रमांक. ही ब्रुकलिनच्या हे-बडन ऐरणीची खूण, आणि तो कारखाना १८९० च्या सुमारास सुरू झालेला. अंगावरचं नाव ग्राइंडरने पुसलं होतं, बूड उलटून बघायचं मला सुचलं नव्हतं. तसंच, ऐरणीवर 'इंग्लंड' असा शिक्का असेल आणि कुणी ती अठराव्या शतकातली म्हणाला, तर अमेरिकेचा १८९० चा आयातकर कायदा आठवा. परदेशी मालावर देशाचं नाव त्याने सक्तीचं केलं, आणि बाहेर पाठवायच्या मालावर असे शिक्के त्यानंतरच सर्रास पडू लागले.

मला वाईट वाटतं ते त्या ऐरणीचं. खड्डे होते तसे ठेवले असते तर तिने आणखी शंभर वर्षं काम केलं असतं.

विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. गेल्या महिन्यात त्याने आणखी एक ऐरण विकायला काढली, अंगावर '१७८५'. मी फोटो मोठा करून पाहिला. त्या ५ ची शेपटी खाली किंचित तुटकी आहे, माझ्या ऐरणीवरच्या ५ ची आहे तशीच.