टवके दोन दातांचे, कॅप चार

वरच्या समोरच्या दोन दातांचे टवके उडाले. दुखत नव्हतं, फक्त थंड पाण्याने क्षणभर झिणझिण्या यायच्या. पण बोलताना सारखा हात तोंडावर जायचा आणि आरशात बघवत नव्हतं. अशा घायकुतीला आलेल्या माणसाकडून काय काय कबूल करून घेता येतं, हे त्या क्लिनिकला पुरतं ठाऊक होतं.

तपासणी फुकट. डॉक्टरांनी आरसा फिरवला, एक्स-रे काढला, "नस उघडी पडलीये, दोन्हीला रूट कॅनाल लागेल" म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत निघून गेले. पैशांचं बोलायला वेगळ्या बाई होत्या. "दोनच दातांना कॅप बसवली तर रंग जुळत नाही, शेजारचेही घ्या. आज ॲडव्हान्स भरलात तर सवलत देऊ." नुसतं फिलिंग करून भागणार नाही का, असं विचारलं तर उत्तर आलं, "ते टिकत नाही, पैसे पाण्यात."

सांगितलेला दर एका कॅपचा होता. रूट कॅनाल वेगळं, आतला आधार वेगळा, तात्पुरत्या कॅप वेगळ्या. हे एकेक करून कळत गेलं, तेही कॅपसाठी दात कोरून बारीक केल्यावर. चार बारीक खुंट घेऊन माणूस घासाघीस कशी करणार?

पुढे जेवताना एक कॅप निघून हातात आली. उलटी करून पाहिली तर आतून करडा, चकचकीत धातू. बिलावर झिरकोनिया, म्हणजे पांढरं मजबूत सिरॅमिक, असं लिहिलेलं. झिरकोनियाची कॅप आतूनही पांढरीच असते. ही होती धातूवर पोर्सिलेन चढवलेली, म्हणजे बऱ्याच स्वस्तातली. कॅप बनवणाऱ्या लॅबचं वॉरंटी कार्ड मागितलं, तर ते "येईल" एवढंच ऐकायला मिळालं.

मग दुसऱ्या डॉक्टरांना सुरुवातीचा एक्स-रे दाखवला. तुटलेली कड आणि नस यांच्यामध्ये दाताचा चांगला जाड थर शाबूत होता. नस खरंच उघडी पडली असती तर तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसला असता, बहुधा रक्तही आलं असतं. आणि थंड लागून लगेच थांबणारी झिणझिणी हे नस जिवंत असल्याचंच लक्षण. ते तपासायला दाताला थंड बोळा लावून बघतात. तो पहिल्या ठिकाणी कुणी लावलाच नव्हता.

माझ्या दातांना कंपोझिट फिलिंग पुरलं असतं, असं ते म्हणाले. दाताला जेल लावून कड किंचित खरखरीत करायची, बाँड लावायचा, दाताच्या रंगाचा मसाला थराथराने चढवायचा आणि निळ्या प्रकाशाने कडक करायचा. बहुतेक वेळा एकाच बैठकीत होतं, भूलही लागत नाही. काही वर्षांनी त्याचा रंग बदलू शकतो, कडेने टवका उडू शकतो, हे खरं. पण तिथेच पुन्हा भरता येतं. खालचा दात जवळपास आहे तसा राहतो. कॅपसाठी मात्र दात चहूबाजूंनी कोरावा लागतो आणि कोरलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, परत येत नाही. माझे शेजारचे दोन्ही दात धडधाकट होते. आता त्यांना जन्मभर कॅप, आणि कॅप काही जन्मभर टिकत नाही.

खर्चाची चढण साधारण अशी: टवका अगदी बारीक असेल तर कड गुळगुळीत करणं सगळ्यांत स्वस्त, मग कंपोझिट, त्यावर व्हिनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) आणि कॅप. रूट कॅनाल लागलं की बिल आणखी फुगतं. मला थेट शेवटच्या पायरीवर नेलं आणि मधल्या पायऱ्यांचा उच्चारही केला नाही. तुटलेला तुकडा सापडला तर तो दुधात ठेवून लगेच न्यावा, कधीकधी तोच परत चिकटवता येतो. तेही तिथे कुणी विचारलं नाही.

एवढं सगळं दाखवल्यावर क्लिनिकने "लॅबची चूक" म्हणत चारही कॅप फुकट बदलून द्यायची तयारी दाखवली, पण आधी 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही हवी होती. सही केली नाही. एक्स-रे, बिल आणि उपचारांची नोंद लेखी मागून घेतली आहे. निघालेल्या कॅपचा उलट्या बाजूने काढलेला फोटोही तक्रारीला जोडला आहे. तिकडून अजून उत्तर यायचं आहे. लॅबचं कार्डही अजून आलेलं नाही.