पडून राहिलेली जुनी गिटार की नवी कोरी?

आर्वीकडच्या एका भावाने विचारलं: बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची, नाव-गाव नसलेली इलेक्ट्रिक गिटार ३ हजारांत मिळतेय. ती घेऊ, की १० हजारांची नवी?

नाव नाही म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. १९६० च्या दशकात जपानी कारखाने एकच गिटार वेगवेगळ्या नावांनी विकत. भाऊ, नावाची पाटी सोड, मान (तारांखालचा लांब दांडा) बघ.

मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार एकदमच दाबून धर. मधल्या फ्रेटवर तारेखाली पोस्टकार्ड जाईल एवढी फट चालते. पेन्सिल शिरली, तर मान वाकलीय. मग आत ट्रस रॉड (मान सरळ करायची सळई) आहे का, तो फिरतो का, हे पाहायलाच हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, लगेच पावसाळ्याची ओल. लाकूड हलतंच. रॉड नसलेली वाकडी मान फुकटही घेऊ नको. नवीत ही धास्ती कमी.

आवाजाची परीक्षा टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे होते. केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून प्लगच्या दोन टोकांना मल्टिमीटर लाव. ५ ते १५ किलोओम आले तर पिकअप (तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग) बहुधा जिवंत. काहीच आलं नाही, तर आधी जॅक (केबल खोचायची जागा) आणि सोल्डर (वायरींचे डाग) तपास.

खर्चाचं म्हणशील तर तारा, पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग), जॅक किरकोळीत होतात. फ्रेट बदलायचे म्हणजे नागपूरची चक्कर आणि मोठी मजुरी. नवीलाही सेटअप (तारांची उंची, सूर जुळवणं) लागतो, पण तेवढंच.

नुकतं शिकायला लागलास किंवा गणपतीत स्टेजवर उभं राहायचंय, तर नवी घे. हाताशी दुसरी गिटार आहे, सोल्डरिंगची आवड आहे आणि मान सरळ निघाली, तर जुनीच घे.