ब्रेक बदलले, आवाज तसाच, ११,३५० रुपये मात्र गेले

आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारे म्हणतील गाडीतलं काही न कळणारा माणूस असणार. भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला १९ वर्षं काढलीत मी. जाडी मोजायचा व्हर्नियर रोज हातात असतो, केसभर फरकासाठी लोकांचा माल परत पाठवतो. तरी घराजवळच्या गॅरेजवाल्याने सव्वा महिन्यात चार वेळा मला टोपी घातली, आणि चारही वेळा मी स्वतः मोबाइल काढून त्याचा कोड स्कॅन केला. हिचे टोमणे अजून थांबलेले नाहीत.

गाडी वॅगन आर, पेट्रोल, ६१,००० किलोमीटर झालेली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी धरतात ते पॅड. पुढचे पॅड संपत आले होते हे खरंच होतं. ब्रेक दाबला की बारीक शिट्टी यायची. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून वाजते. तेव्हा पॅड बदलायचेच होते, इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

"ओरिजिनलच टाकू ना साहेब?" ओरिजिनलच टाका म्हटलं. पॅडचे १,८५०, मजुरी ५००, झाले २,३५०. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं हवं असेल तर अठरा टक्के वर लागतील." मी ४२३ रुपये वाचवले. हे ४२३ पुढे मला किती ठिकाणी नडले ते खाली येईलच.

गाडी न्यायला गेलो तेव्हा त्याने खोकं दाखवलं. होलोग्राम, एमआरपी, सगळं छापलेलं. खोकं रिकामं, कारण पॅड गाडीत बसलेले. एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं. जुने पॅड मागितले तर "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला." सकाळी दहाला टाकलेली गाडी, बाराला पॅड भंगारात! जुना माल ताब्यात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. गाडी टाकतानाच सांगून ठेवा, नंतर मागून मिळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकाऐवजी दोन आवाज. एक ब्रेक दाबल्यावरची किंचाळी. दुसरा ब्रेकला पाय न लावताही, पुढच्या डाव्या चाकातून, खर्र… खर्र… चाकाच्या फेऱ्याला धरून, वेग वाढला की भराभर. मी त्याला दोन्ही नीट सांगितले. तो म्हणाला, "नवे पॅड आहेत, दोन-तीनशे किलोमीटर बसायला लागतात." हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर खपतं. नवे पॅड सुरुवातीला थोडे कुरकुरतात, डिस्कवर नीट बसेपर्यंत. पण ते ब्रेक दाबल्यावर. ब्रेक न दाबता फेऱ्याफेऱ्याला घासत असेल तर काहीतरी वाकलंय, अडकलंय नाहीतर सैल राहिलंय, आणि ते किलोमीटर मोजून बरं होत नाही. हे मला तेव्हाही कळायला हवं होतं. पण समोरचा माणूस हात काळे करून बोलत असला की आपण आपल्या कानांवर शंका घेतो.

तीनशे किलोमीटर झाले, आवाज जागेवर. मग "धूळ बसलीय" म्हणून पॅडला पॉलिशपेपर मारला, ७०० रुपये. आठ दिवसांनी निदान बदललं, "डिस्कला लाइनी पडल्यात, दोन्ही बदलाव्या लागतील." डिस्क ४,६००, मजुरी ८००.

त्याच दिवशीची गोष्ट लिहायची म्हणजे स्वतःच्या तोंडात मारून घेण्यासारखं आहे. मी स्टुलावर चहा पीत बसलो होतो. पांढरी गाडी घेऊन एक बाई आल्या होत्या, त्यांचेही पॅड बदलून झाले होते. त्याने फळीवरून खोकं काढून त्यांना दाखवलं. होलोग्राम, एमआरपी, आणि कोपरा उंदराने कुरतडलेला. तेच खोकं! त्यांची गाडी तर दुसऱ्याच कंपनीची. मी पाहिलं, ओळखलं, आणि चहा संपवला. मनाला सांगितलं, उंदीर काय एकच खोकं कुरतडतो का? खरं कारण वेगळं होतं. माझी गाडी त्या क्षणी जॅकवर, दोन्ही चाकं काढलेली, ३,०५० आधीच गेलेले. तोंड उघडलं असतं तर त्या बाईंसमोर मी मूर्ख ठरलो असतो. म्हणून गप्प बसलो आणि आणखी ५,४०० देऊन आलो.

मग "कॅलिपर जाम आहे". पॅड डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्याचं किट आणि ब्रेकचं ऑइल धरून २,९००. बेरीज तुम्हीच करा, मी रोज रात्री करतो.

त्या शनिवारी आईला घेऊन भुईंजला निघालो. वाटेत खंबाटकी घाट चढून पलीकडे उतरायचा होता. उतारावर पेडल मऊ लागायला लागलं. दाबलं की खाली, दोनदा-तीनदा पंप केलं की वर. मागे आई जप करत होती, तिला काही कळू दिलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या ट्रकचे हॉर्न खात खाली आलो. अजून पायाच्या तळव्याला ते पेडल आठवतं. ब्रेक मऊ लागला तर "घरी जाऊन बघू" म्हणू नका, गाडी तिथेच बाजूला घ्या. मी घेतली नाही, ही आणखी एक चूक.

भुईंजच्या मिस्त्रीने डावं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. खर्र. डिस्कच्या मागे धूळ येऊ नये म्हणून पातळ पत्र्याचं कव्हर असतं, ते आत दबून डिस्कला घासत होतं. स्क्रूड्रायव्हरने त्याने ते मागे ढकललं. आवाज बंद. अर्धं मिनिटही लागलं नाही. "पॅड काढताना कुणाचा तरी पाना बसलाय भाऊ याच्यावर." म्हणजे दुसरा आवाज त्या गॅरेजनेच पहिल्या दिवशी लावून दिला होता.

मग त्याने पॅड काढले. आवाज दाबणारी मागची पातळ पट्टी, म्हणजे शिम, नाही, पॅड धरणाऱ्या क्लिपा नाहीत, कॅलिपरच्या पिना कोरड्या ठाक. किंचाळी तिथून येत होती. पॅडवर ना कंपनीचं नाव ना नंबर. पाइपमध्ये हवा धरलेली, कारण ऑइल बदलल्यावर ती नीट काढलीच नव्हती, म्हणून घाटात पेडल मऊ. आणि "नव्या" डिस्क? वर चंदेरी रंग, आत जुना गंज. माझ्याच जुन्या डिस्क लेथवर फिरवून, वरचा थर खरवडून, परत बसवलेल्या. मी गाडीतला व्हर्नियर काढला. हो, गाडीत व्हर्नियर होता, महिनाभर! डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, माझ्या त्याच्या अगदी काठावर होत्या.

पॅड क्लिपांसकट १,६२०, पक्क्या बिलाचे, वाईहून मागवले. ऑइल २८०, मजुरी ४००. एकूण २,३००. पहिल्या दिवशी मी दिले त्यापेक्षा ५० रुपये कमी.

परत आलो तो थेट गॅरेजवर. "साहेब, तुम्ही बाहेर गाडी उघडलीत, आता आपली जबाबदारी नाही."

चौकीत गेलो. म्हटलं चारशेवीसची तक्रार द्यायचीय. हवालदारसाहेब म्हणाले, "चारशेवीस आता नाही, तीनशे अठरा झालं." कायदा बदललाय हे त्यांना पाठ, तक्रार घ्यायची कशी तेवढं आठवत नव्हतं. "मारहाण झाली का? मग हा दिवाणी मामला." दुसऱ्या दिवशी या, साहेब आहेत. गेलो, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि म्हणाले, "अहो अकरा हजारांसाठी कशाला, मिटवून घ्या." घाटात पेडल खाली गेलं असतं तर किती हजारांपासून गुन्हा सुरू झाला असता, हे विचारायचं राहिलं. एका हेल्पलाइनवर वीस मिनिटं संगीत ऐकलं, तक्रार क्रमांक मिळाला, बारा दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली काढली आहे. कुणी, कधी, कशी? मला कुणी फोनसुद्धा केला नाही. एका कचेरीत सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या इमारतीत जा. पलीकडच्या इमारतीत पहिला प्रश्न, "बिल कुठंय?" ते ४२३ रुपये! वर मोबाइलवरच्या चारही नोंदी गॅरेजच्या नावावर नाहीत, कुणा भलत्याच माणसाच्या खात्यावर. मेव्हणा असेल. स्कॅन करण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचत जा हो. दीड दिवसाची रजा गेली ती वेगळीच.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार करतोय. २०१९ च्या कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही लागत नाही. आधी गॅरेजवाल्याला पोस्टाने नोटीस धाडली होती, ती "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आली. पाकीट न फोडता ठेवलंय. ते बोगस पॅडही पिशवीत बांधून, तारीख घालून, कपाटात आहेत.

आणि पांढऱ्या गाडीवाल्या ताई, तुम्ही हे वाचत असाल तर आजच दुसरीकडे कुठेतरी चाकं उघडून पॅडवर नाव आहे का ते बघून घ्या. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. तुमच्याकडे बिल असेल तर मला एक साक्षीदार हवा आहे.