संत्र्याचं कलम घ्यायचं तर बेसा रोडची ही नर्सरी

नर्सरी छोटी आहे, पाटी रस्त्यावरून धड दिसतही नाही. पण नागपुरात घरी संत्रा लावायचा असेल तर मी हीच सांगीन. कलम रंगपूर लिंबाच्या खुंटावर (म्हणजे ज्या मुळाकडच्या रोपावर संत्रा बांधतात त्यावर) आहे की जंभेरीच्या, हे विचारल्याबरोबर सांगतात. पिशवी सोडून मुळं दाखवायला का-कू करत नाहीत, आणि मुळं तळाशी गोल गुंडाळलेली दिसली तर ते रोप स्वतःच बाजूला काढतात.

लावून देण्याचे पैसे वेगळे पडतात, ते जरूर द्या. आमच्याकडे सगळी काळी माती. पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. माळीभाऊंनी आल्या-आल्या पाणी कुठे तुंबतं ते विचारलं आणि जागाच बदलली. २ फूट लांब, रुंद, खोल खड्डा. त्यात वरची माती, कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड. कलमाचा डोळा, म्हणजे खुंट आणि संत्र्याचा सांधा, जमिनीच्या निदान अर्धा फूट वर ठेवला. तो मातीत गाडला गेला की खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाला दार उघडंच. खोडाशी मातीचा उंचवटा करून आळंही दुहेरी केलं, पाणी फक्त बाहेरच्या बांगडीत. "काकू, खोडाले पाणी लागू देऊ नका जी," हे त्यांनी निघताना पुन्हा बजावलं. असं जीव लावून काम करणारा माणूस हल्ली सापडत नाही.

खोडाला बुरशीपासून जपणाऱ्या बोर्डो मलमाचं प्रमाणही घरच्या दोन झाडांपुरतं लिहून दिलं: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला लावायचं.

आता खटकलेलं. आधाराच्या काठीला कलम सुतळीनं फार आवळलं होतं. मी ती सोडून सुती कापडाची पट्टी सैलसर बांधली. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो, तेव्हा आळ्यात तणसाचं (भाताच्या पेंढ्याचं) आच्छादन हवंच. ते घाला म्हणून सांगतात, पण तणीस आपल्यालाच शोधावं लागतं. कलमाचा भावही रस्त्याकडेच्या रोपवाल्यांपेक्षा चढा आहे. मला तो पटला.

नोंदणी मे महिन्यातच करून ठेवा. एकदा पाऊस लागला की यांचा फोन लागत नाही.