हस्की स्लेज शिकवतो सांगून ९८५ युरो लुबाडले, बुकिंग करणाऱ्यांनी प्लीज वाचा

६४५ ॲडव्हान्स, मग २५० 'कुत्रे आणि स्लेजचं डॅमेज डिपॉझिट', मग ९० थर्मल कपडे आणि बुटांचे. झाले ९८५ युरो. फिनलंडमध्ये रोव्हानिएमीजवळ बर्फातल्या ट्रेलवर हस्की कुत्रे ओढतात ती स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, स्वतः चालवायला शिकवणार, शेवटी 'मशर लायसन्स' (मशर म्हणजे कुत्र्यांची स्लेज हाकणारा) देणार, एकूण फी १२९०. तिथे पोचल्यावर कळलं असा कोर्सच नाहीये. अजून डोकं तापतंय, आणि घरच्यांसमोर विषय निघाला की मान खाली जाते.

आता लगेच म्हणाल चौकशी करायची ना. केली होती! कंपनीचा रजिस्ट्रेशन नंबर सरकारी रजिस्टरमध्ये टाकून बघितला, नाव जुळलं, पत्ता जुळला. जुळणारच, कारण या चोरांनी एका खऱ्या केनलचं (जिथे हे कुत्रे पाळतात) नाव, नंबर, कुत्र्यांचे फोटो सगळं जसंच्या तसं उचललं होतं, फक्त ईमेल, फोन आणि बँक खातं त्यांचं स्वतःचं. यात माणसाने काय ओळखायचं सांगा.

पण एक गोष्ट मात्र रोज आठवते आणि जीव जळतो. त्या माणसाशी फोनवर बोलत होते, तो म्हणाला आत्ता कुत्र्यांची टीम स्लेजला जोडतोय, निघायचंच आहे, लवकर बोला. आणि मागे शांतता. एक कुत्रा भुंकत नव्हता! हस्की जोडताना काय गोंधळ असतो हे मी व्हिडिओत शंभरदा बघितलेलं, किंचाळतात, उड्या मारतात, दोऱ्या चावतात, गप्प होतात ते स्लेज सुटल्यावर. तेव्हाच खटकायला हवं होतं. वर म्हणाला नवीन माणसालाही आठ कुत्रे देतो, मजा येते. मला वाटलं अनुभवी माणूस आहे, तोच सांगतोय तर असेल. आणि डिसेंबरअखेरच्या दोनच जागा उरल्यात म्हणून घाई चाललेली त्याची, अशा वेळी कोणीही पैसे भरेल.

खऱ्या केनलवर गेले तेव्हा तिथल्या बाईंनी माझं कन्फर्मेशन वाचलं आणि कपाळाला हात लावला. मागे अंगणात टीम जोडणं चालू होतं, स्लेज दोरीने खांबाला बांधलेली, लोखंडी हुक बर्फात पाय देऊन रुतवलेला, तरी स्लेज हिसके खात होती, आणि आवाज इतका की बाई माझ्या कानाशी येऊन बोलत होत्या. म्हणाल्या, नवख्याला आम्ही चार-पाचच कुत्रे देतो, आठ ओढायला लागले तर ब्रेकवर उभं राहूनही तुम्हाला थांबवता येणार नाहीत. लायसन्स वगैरे काही लागतच नाही म्हणे, ते स्नोमोबाइलला लागतं. आणि जाड ओव्हरऑल, बूट बहुतेक ठिकाणी फीमध्येच असतात, त्याचे वेगळे पैसे मागितले की तिथेच थांबा.

आता यंत्रणेचं ऐका. बँक म्हणते ट्रान्सफर तुम्ही स्वतः मंजूर केलंत, कार्डाने भरलं असतं तर चार्जबॅक, म्हणजे कार्डाचे पैसे परत मागायचा दावा, टाकता आला असता. ग्राहक तक्रारीवाले म्हणतात हा ग्राहकाचा वाद नाही, गुन्हा आहे, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणतात ऑनलाइन फॉर्म भरा, भरला, स्क्रीनशॉट, पावत्या, फोन नंबर सगळं जोडलं, तर उत्तर काय, खातं लिथुआनियातलं आहे, संशयित सापडत नाही, तपास थांबवतोय. अहो खातं कोणाच्या तरी नावावर असेलच ना! नाव त्या बँकेकडे, ती बँक मला सांगणार नाही, पोलीस तिला विचारणार नाहीत, आणि ती वेबसाइट मी हे लिहितेय तोवर चालूच आहे, त्यावर अजून बुकिंग घेतायत. ९८५ युरो यांना किरकोळ वाटतात, मला नाही.

पैसे भरण्याआधी आयबॅनची, म्हणजे युरोपातल्या बँक खात्याच्या नंबरची, पहिली दोन अक्षरं बघा, फिनलंडचं खातं 'एफआय'ने सुरू होतं, माझ्या पावतीवर 'एलटी', म्हणजे लिथुआनिया, होतं. साइटवरच्या नंबरवर फोन करू नका, नकाशावर किंवा रजिस्टरमध्ये केनलचा जो नंबर दिसतो त्यावर करा. व्हिडिओ कॉलवर कुत्रे दाखवा म्हणा, खरा माणूस लगेच दाखवेल. आणि ज्यांनी कालपरवाच पैसे पाठवलेत त्यांनी हे वाचणं सोडून आधी बँकेला फोन करा, रिकॉल मागा, म्हणजे पाठवलेले पैसे परत खेचायला सांगा, समोरच्याने रक्कम काढून घेतली की बँकही हात वर करते.