मनगटाचा स्प्लिंट: रुमेटॉइड संधिवातात काही महिने वापरल्यावर

दिवाळीच्या आधी घेतला, आता उन्हाळा सरत आलाय. रुमेटॉइड असलेल्या आणि हातावर पोट असलेल्या प्रत्येक बाईने हा स्प्लिंट, म्हणजे मनगटाला आधार देणारा पट्टा, एकदा वापरून बघावा, असं मी मनापासून सांगते. फक्त तो कुठल्या कामाला घालायचा नि कुठल्या कामाला काढून ठेवायचा, हे कळलं पाहिजे.

मी सोलापुरात घरीच शाळेचे गणवेश शिवते. कटिंगची मोठी कात्री दाबली की मनगटातून कळ जायची आणि कात्री सुटायची. स्प्लिंटमध्ये तळहाताकडून अॅल्युमिनियमची पट्टी असते. ती मनगट किंचित वर उचलून धरते, आणि मुठीला जोर त्याच स्थितीत येतो. बोटं, अंगठा मोकळे राहतात. कटिंग, इस्त्री, बाजाराची पिशवी यांत लगेच फरक पडला. मशीनवर बसताना मात्र काढते, कापड फिरवायला मनगट वळावं लागतं.

भाकरी थापणं त्यात जमत नाही. ज्वारीचं पीठ तळहाताच्या बुडाने रगडायचं तर मनगट वाकायलाच हवं, वर पट्टा भिजतो तो वेगळाच. आता कडक भाकऱ्या विकत आणते, त्या कितीतरी दिवस टिकतात. सासूबाईंना आधी पटत नव्हतं; आता त्याच आमटीत कुस्करून मागतात.

एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत स्प्लिंटच्या निओप्रीनखाली (रबरासारखं जाड कापड) घामोळं उठतं. म्हणून आत सुती बाही घालते. घेणाऱ्यांनी जाळीदार कापडाचाच घ्यावा. वेल्क्रोत दोरे अडकून पकड जाते, जुन्या टूथब्रशने ते निघतात.

सकाळचा ताठरपणा याने जात नाही, त्याला औषधच. माझं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, सोबत फॉलिक अॅसिड आणि ठरावीक रक्ततपासण्या. स्प्लिंटने सांधा वाकडा व्हायचा थांबतो, असंही कुणी समजू नये. दिवसभर बांधून ठेवला तर स्नायू ढिले पडतात, म्हणून मधूनमधून काढून मनगट हलवते.

तपासणीत 'हॅक' (HAQ) नावाची प्रश्नावली भरतात, रोजची कामं किती जमतात ते त्यातून मोजतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ती तयार झाली आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. कपडे घालणं, उठणं, जेवणं, चालणं, पकड असे ८ गट, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. मूळ पद्धतीत एखाद्या गटात साधन लागत असेल, तर गुण किमान २ धरतात. मोजमाप म्हणून ते बरोबर असेल, पण मला ते खटकतं. साधन घेऊन का होईना, काम माझ्या हाताने होतंय आणि गणवेशाची ऑर्डर वेळेत जातेय. माझ्या जगण्यात सगळ्यात मोठा फरक तोच आहे.

डावा-उजवा वेगळा येतो. माप मनगट सुजलेलं असताना द्या, आणि पहिल्यांदा थेरपिस्टकडून बांधून घ्या. बोटांना मुंग्या आल्या तर पट्टा घट्ट आहे.