ऑटोकॅड एलटी: एकाच शीटवर चार स्केल बसवणाऱ्यांसाठी

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची ड्रॉइंग्ज करणं हे माझं काम. जांभ्याच्या जाड भिंती, मधोमध राजांगण (आतलं अंगण), पुढे बाल्कांव (बसायचा ओटा), मागे कुळागराकडे, म्हणजे सुपारीच्या बागेकडे, उतरणाऱ्या पायऱ्या. असं घर आलं की एका ए-२ शीटवर साइट प्लॅन १:५०० ला, घराचा प्लॅन १:१०० ला, राजांगणातून कापलेला सेक्शन १:५० ला आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडकीचं डिटेल १:१० ला बसवायचं असतं. नवं ऑफिस थाटणारे विचारतात, ऑटोकॅड एलटी (ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती) घ्यावं का? मी सांगते, घ्यावं, आणि व्ह्यूपोर्टसाठी, म्हणजे कागदावर वेगवेगळ्या स्केलला पाडायच्या चौकटींसाठी, घ्यावं. नुसत्या रेषा मारायला त्याहून स्वस्त सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत.

आधी झूमचं सांगते. सर्वेअरकडून येणारी टोटल स्टेशनची (मोजणीच्या यंत्राची) फाइल पुष्कळदा यूटीएम निर्देशांकांत असते, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये दिलेल्या निर्देशांकांत. गोवा ४३ उत्तर या झोनमध्ये येतो. फोंड्याच्या बाजूला ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) ४ लाख मीटरच्या थोडं अलीकडे आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) १७ लाखांच्या आसपास. अशा फाइलीत एखादा बिंदू किंवा अक्षर चुकून ०,० वर पडलेलं असलं, की माउसच्या चाकावर डबल क्लिक करताच सगळा प्लॉट ठिपक्याएवढा होतो. नवीन मुलांना वाटतं ड्रॉइंगच गेलं. ते जागच्या जागी असतं. डबल क्लिक म्हणजे झूम एक्स्टेंट्स, आणि एक्स्टेंट्स त्या भटक्या बिंदूलाही पडद्यावर आणायला बघतो. ऑफ केलेल्या लेअरवरच्या (ड्रॉइंगच्या थरावरच्या) वस्तूसुद्धा तो हिशेबात धरतो, फ्रीझ केलेल्या लेअरवरच्या धरत नाही. म्हणून एकेक लेअर फ्रीझ करून पुन्हा एक्स्टेंट्स द्यायचं. चित्र भरून आलं की मूळ सापडलं. बिंदू पुसायचा. सगळं ड्रॉइंग उचलून शून्यावर आणायचा मोह मात्र टाळा, उद्या सर्वेअरची नवी फाइल आली की जुळणार नाही.

चाकाची चाल बदलता येते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्यासाठीचं सेटिंग झूमफॅक्टर ३ ते १०० पर्यंत चालतं आणि मुळात ६० असतं. खिडकीच्या बिजागरीपाशी काम करताना ६० फार उडी मारतो, मी २५ वर ठेवते. झेड (झूमची कमांड), एंटर, पी दिलं की मागचं दृश्य परत येतं, तेही १० दृश्यांपर्यंत. रेषा अर्धी मारलेली असताना झूम हवा असेल तर झेडच्या आधी अपॉस्ट्रॉफी द्यायची, चालू कमांड तुटत नाही. चाक फिरवूनही चित्र हलेनासं झालं किंवा परसातल्या विहिरीचा गोल कोनाकोनाचा दिसू लागला, तर आरई देऊन रीजेन करायचं, म्हणजे पडद्यावरचं चित्र नव्याने आखून घ्यायचं. प्लॉटमध्ये गोल गोलच येतो, काळजी नको.

खरी किंमत वसूल होते ती लेआउटवर, म्हणजे छापायच्या शीटच्या पानावर. पेपर स्पेस, म्हणजे ही कागदाची जागा, ऑटोकॅडच्या ११व्या रिलीजमध्ये, १९९० साली आली. खाली दिसणारे लेआउटचे टॅब ऑटोकॅड २००० पासूनचे. कल्पना तीच आहे: घर मॉडेलमध्ये (ड्रॉइंग काढायच्या जागेत) खऱ्या मापाने एकदाच काढायचं आणि कागदावर चौकटी पाडून प्रत्येकीतून ते वेगळ्या स्केलला दाखवायचं. बाल्कांवाचा खांब मॉडेलमध्ये सरकवला की तो प्लॅनमध्येही सरकतो आणि साइट प्लॅनमध्येही. एकच घर वेगवेगळ्या स्केलला पुन्हा पुन्हा काढलेली ड्रॉइंग्ज मी दुरुस्तीला घेतलेली आहेत; त्यांतली दोन चित्रं एकमेकांशी कधी जुळत नाहीत.

स्केल देताना एक गोष्ट इथे फार महत्त्वाची. घर मिलिमीटरमध्ये काढलेलं असेल तर १:१०० साठी चौकटीत शिरून झूमला १/१००एक्सपी द्यायचं; एक्सपी म्हणजे कागदाच्या तुलनेत. सर्वेची फाइल मीटरमध्ये असते, आणि कागद मिलिमीटरमध्ये. तिला १:५०० हवा असेल तर १००० भागिले ५००, म्हणजे २एक्सपी. तयार यादीतलं १:५०० निवडलंत तर अख्खा प्लॉट दिसेनासा होईल, कारण यादी दोन्हीकडे एकच एकक धरून चालते. स्केलच्या यादीत स्वतःचा स्केल घालता येतो: कागदाचं १ एकक बरोबर ड्रॉइंगचं ०.५. त्याला ‘सर्वे ५००’ असं नाव देऊन टेम्प्लेटमध्ये ठेवून द्या. या जागी सॉफ्टवेअरने थोडी मदत करायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडची घरं उत्तर धरून क्वचितच असतात; वाट, ओहोळ, देऊळ बघून ती बसवलेली. साइट प्लॅनमध्ये उत्तर वर हवी आणि घराचा प्लॅन कागदावर सरळ हवा. त्यासाठी घर फिरवायचं नाही. त्या चौकटीत शिरून यूसीएस (निर्देशांकांचे अक्ष) भिंतीला लावायचा आणि प्लॅन कमांड द्यायची. दृश्य तेवढं फिरतं, निर्देशांक हलत नाहीत. प्लॅनने स्केल बिघडतो, म्हणून आधी फिरवणं, मग स्केल, मग लॉक.

लॉकबद्दल मी आग्रही आहे. लॉक न केलेल्या चौकटीत शिरून चाक नकळत जरी फिरलं तरी १:१० चा १:११.३ होतो आणि डोळ्यांना कळतही नाही. आमचे मेस्त (सुतार) खिडकीच्या सागवानी चौकटीचं माप डिटेलवर पट्टी ठेवून घेतात. ‘लिहिलेली मापंच धरावीत’ असं शीटवर कितीही छापा, पट्टी ठेवली जाणारच, आणि त्या माणसाच्या पट्टीला कागदाने खोटं पाडता कामा नये. चौकट निवडून प्रॉपर्टीजमध्ये डिस्प्ले लॉक्ड ‘येस’ केलं की आत शिरून चाक फिरवलं तरी फक्त कागद मोठा-लहान होतो, स्केल तसाच राहतो. आत बारकाईने काम करायचं असेल तर चौकटीच्या कडेवर डबल क्लिक करा, ती पडदाभर होते. हवं तितकं झूम करा; परतल्यावर मूळ मध्य आणि स्केल जसेच्या तसे मिळतात.

प्रत्येक चौकटीत वेगळ्या लेअर फ्रीझ करता येतात, हेही मोठं सुख. वासे-रिपांची लेअर प्लॅनमध्ये नको, सेक्शनमध्ये हवी. पंचायतीत जाणाऱ्या शीटवर फर्निचर नको. तुटक रेषांचे तुकडे सगळ्या स्केलला सारखे दिसावेत म्हणून पीएसएलटीस्केल हे सेटिंग १ ठेवा, आणि स्केल बदलल्यावर रीजेनऑल विसरू नका.

एलटीत त्रिमितीय मॉडेलिंग नाही. कौलारू छपराची वळचण थ्रीडीमध्ये फिरवून दाखवायची असेल तर पूर्ण ऑटोकॅड किंवा दुसरं काही लागेल. पैसे वर्गणीने भरायचे असतात, त्यामुळे महिन्याला एखादंच ड्रॉइंग करणाऱ्याने विचार करावा. विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाना मोफत मिळतो, त्यांनी पूर्ण ऑटोकॅडच घ्यावं आणि लेआउट पहिल्या वर्षापासून हाताखाली घालावं. आमच्यासारख्या दोन-तीन टेबलांच्या ऑफिसला एलटी पुरतं.

प्लॉट देताना स्केल १:१ ठेवा आणि ‘फिट टु पेपर’वरची खूण काढा. पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडे पाठवत असाल तर त्यालाही ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ सांगा, आणि शीटच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ ठेवा. कागद हातात आल्यावर आधी त्या रेघेवर पट्टी लावा, मगच साइटवर पाठवा.